हमीपत्रावर सही करण्याआधी: महाविद्यालयातील आंदोलन, शिस्त आणि बोलण्याचा अधिकार

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या विद्यार्थिनीचा हा प्रश्न आहे. शिष्यवृत्ती महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर मंजूर दिसते, पण पैसे खात्यात आलेले नाहीत. सकाळची एसटी फाट्यावर थांबत नसल्यामुळे पहिला तास बुडतो. या दोन मागण्यांसाठी विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या फाटकाशी ठिय्या दिला. थोड्या वेळाने एका पक्षाचे कार्यकर्ते तेथे आले, संस्थाध्यक्षांच्या विरोधात घोषणा झाल्या आणि काही काळ फाटक बंद राहिले. त्या संध्याकाळी या विद्यार्थिनीने ‘ऑफिसमधले लोक आमची शिष्यवृत्ती खातात’ असे स्टेटस ठेवले. त्यानंतर सहा जणांना ‘गैरशिस्त आणि महाविद्यालयाची बदनामी’ एवढ्या शब्दांची नोटीस देऊन पुढील आदेशापर्यंत निलंबित करण्यात आले, पालकांना बोलावण्यात आले आणि ‘यापुढे कोणत्याही आंदोलनात भाग घेणार नाही’ असे हमीपत्र स्टॅम्प पेपरवर मागण्यात आले. वडील म्हणतात, सही करून मोकळी हो. विद्यार्थिनी विचारते की घटनेने भाषणस्वातंत्र्य दिलेले असताना महाविद्यालयाला हे करता येते का, आणि सही करावी का.

मी या जिल्ह्यातील न्यायालयांत आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करतो. विद्यार्थ्यांची प्रकरणे चालवली आहेत, आणि काही महाविद्यालयांना शिस्तीच्या चौकशीत सल्लाही दिला आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचे कागद पाहण्यात आले आहेत. उत्तर आधी सांगतो: आज आहे त्या मजकुरावर सही करू नका, पण नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर अवश्य द्या. नोटीस घेतली नाही किंवा उत्तर दिले नाही म्हणजे आपण ठाम राहिलो असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. प्रत्यक्षात त्यामुळे ‘संधी देऊनही विद्यार्थी हजर राहिला नाही’ हे वाक्य महाविद्यालयाच्या नस्तीत जमा होते आणि पुढे तेच वाक्य वरच्या न्यायालयात वाचून दाखवले जाते.

तुमचा प्रश्न ‘मला स्वातंत्र्य आहे की नाही’ या रूपात आहे. अडचण तेथे नाही, कारण महाविद्यालयाचा वकीलही स्वातंत्र्य नाही असे म्हणणार नाही. तो म्हणेल की आम्ही बोलण्याबद्दल काहीच केलेले नाही, फाटक अडवल्याबद्दल कारवाई केली आहे. खरा प्रश्न असा आहे की तुमच्यावरील आरोप शब्दांबद्दल आहे की कृतीबद्दल, तो कोणत्या नियमाखाली आहे, आणि तो तुमच्या स्वतःच्या शब्दांबद्दल किंवा कृतीबद्दल आहे की जमावातल्या दुसऱ्या कोणाच्या. तुमच्या नोटिशीत ‘गैरशिस्त आणि बदनामी’ या दोन शब्दांत हे तिन्ही प्रश्न एकत्र गुंडाळले आहेत. ते सुटे करायला लावणे हेच तुमच्या उत्तराचे पहिले काम आहे.

शब्दांची बाजू आधी पाहू. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ (१) (क) मध्ये भाषण व अभिव्यक्तीचे आणि (ख) मध्ये शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, परंतु ते कायद्याने घालावे लागतात आणि १९ (२) व १९ (३) मध्ये दिलेल्या कारणांसाठीच घालता येतात. सार्वजनिक सुव्यवस्था, अब्रुनुकसानी, अपराधाला चिथावणी ही कारणे त्या यादीत आहेत. ‘संस्थेची प्रतिमा’ हे कारण त्यात नाही. ‘कायद्याने’ या शब्दाचे वजन सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल प्रकरणात दाखवून दिले. केरळमधील तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत. शिक्षण खात्याच्या परिपत्रकांचा आधार घेऊन त्यांना शाळेतून काढण्यात आले होते. वैधानिक आधार नसलेले खात्याचे परिपत्रक हा १९ (२) मधील कायदा नव्हे असे न्यायालयाने सांगितले आणि मुलांना परत घ्यायला लावले. म्हणून प्राचार्यांच्या सहीची सूचना फलकावर लागली म्हणजे ती कायदा झाली, असे होत नाही. मात्र विद्यापीठाचा परिनियम किंवा अध्यादेश ही वेगळी गोष्ट आहे, कारण त्याच्यामागे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ उभा असतो. तुमच्या महाविद्यालयाला संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कोणत्या तरतुदीखाली नोटीस दिली हे सांगावे लागेल, आणि तुम्ही ते लेखी विचारलेच पाहिजे.

महाविद्यालय खासगी संस्थेचे आहे, मूलभूत हक्क तर सरकारविरुद्ध असतात, असे तुम्हाला ऐकवले जाईल. या आक्षेपात थोडे तथ्य आहे, पण तुमच्या बाबतीत ते फारसे टिकत नाही. शासनाचे वेतन अनुदान घेणारे आणि विद्यापीठाची पदवी देण्याच्या कामात सहभागी असणारे महाविद्यालय सार्वजनिक कर्तव्य बजावते, आणि अशा संस्थेविरुद्ध अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका चालू शकते, हे १९८९ च्या अंदी मुक्ता निकालापासून स्थिर आहे. पूर्णपणे विनाअनुदानित अभियांत्रिकी किंवा फार्मसी महाविद्यालय असते, तर मी अधिक सावधपणे बोललो असतो.

आता कृतीची बाजू, आणि येथे तुम्हाला स्वतःशी प्रामाणिक राहावे लागेल. फाटकाच्या बाजूला बसून घोषणा देणे हे मत मांडणे आहे. फाटक बंद करून दुसऱ्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत किंवा परीक्षेला जाऊ न देणे हे मत मांडणे नाही, आणि प्राध्यापकांना किंवा कर्मचाऱ्यांना खोलीत कोंडणे हा तर सरळ गुन्हा आहे. मागणी कितीही न्याय्य असली तरी त्यामुळे ही सीमा सरकत नाही. फाटक कोणी बंद केले? तुम्ही केले, बाहेरून आलेल्यांनी केले, की गर्दी पाहून शिपायाने आतून कडी घातली? मी पाहिलेल्या नोटिशींमध्ये हा तपशील क्वचितच असतो, आणि नेमका तोच निर्णायक ठरतो. तुम्ही फाटक अडवले नसेल तर तसे स्पष्ट लिहा. अडवले असेल तर खोटे लिहू नका. किती वेळ, का, आणि कोणाची अडचण झाली का, हे लिहा. शिक्षा कृतीच्या प्रमाणात असावी लागते. थोडा वेळ फाटक अडले याबद्दल ताकीद किंवा लहान दंड समजण्यासारखा आहे; पुढील आदेशापर्यंत, म्हणजे परीक्षाही हुकेल अशा बेमुदत निलंबनाचे समर्थन करणे महाविद्यालयाला जड जाईल.

पक्षाचे कार्यकर्ते आले म्हणून तुमचा ठिय्या बेकायदा ठरत नाही. त्यांच्या प्रत्येक घोषणेची जबाबदारीही आपोआप तुमच्यावर येत नाही. संस्थाध्यक्ष स्वतः राजकारणात असतील, आणि आपल्या भागात बहुतेक शिक्षण संस्थांचे तसेच असते, तर त्यांच्यावरील टीका ही लोकप्रतिनिधीवरील टीका असते. ती महाविद्यालयाच्या आवारात झाली म्हणून गैरशिस्त होत नाही. चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात केला आहे. निर्बंधाचा प्रश्न चिथावणीपाशी सुरू होतो. पण एक काळजी पुढे अवश्य घ्या. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये एका संशोधक विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केले. दिल्लीच्या मोर्चात संस्थेचे नाव असलेल्या फलकाखाली सहभागी झाल्यामुळे ती मते संस्थेची आहेत असा समज होतो, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्याची याचिका फेटाळली. त्यानंतर मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने भोगून झालेला काळ पुरेसा मानून त्याला अभ्यास पूर्ण करण्याची वाट मोकळी केली. म्हणून फलकावर ‘आम्ही विद्यार्थी’ लिहा. महाविद्यालयाचे नाव आणि बोधचिन्ह त्यावर घालू नका.

तुमचे स्टेटस हा या प्रकरणातला सर्वांत कच्चा दुवा आहे, आणि घोषणांपेक्षा मला त्याची अधिक चिंता वाटते. ‘शिष्यवृत्ती का अडली याचा खुलासा करा’ हा प्रश्न आहे. ‘ऑफिसमधले लोक पैसे खातात’ हा ओळखता येतील अशा दोन-तीन माणसांवरील आरोप आहे, आणि अब्रुनुकसानी हे १९ (२) मध्ये दिलेले कारण आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ त्यासाठीच आहे. शिवाय शिष्यवृत्तीचा अर्ज महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगिनवर अडतो, समाजकल्याण किंवा आदिवासी प्रकल्प कार्यालयाच्या पातळीवर अडतो, की बँक खात्याला आधार जोडलेले नसल्याने पैसे परत जातात, हे न पाहता केलेला आरोप मूळ मागणीलाच कमजोर करतो. पुरावा हाती नसेल तर ते वाक्य काढून टाका आणि उत्तरात असे लिहा की ते वाक्य विलंबाबद्दलच्या उद्वेगातून लिहिले, ते मागे घेतले आहे, परंतु विलंबाबद्दलची तक्रार कायम आहे. एक वाक्य मागे घेतल्याने आंदोलन मागे घेतले असे होत नाही.

कार्यपद्धतीच्या बाबतीत मात्र तुमची बाजू बळकट आहे. विद्यार्थ्याचे नुकसान करणारा निर्णय घेण्याआधी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घनश्याम दास गुप्ता प्रकरणात परीक्षा मंडळालासुद्धा लागू केले. आपल्या विदर्भातलेच उदाहरण द्यायचे तर ऑक्टोबर २०१९ मध्ये वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने धरणे धरणाऱ्या सहा विद्यार्थ्यांना काढले. आदेशात निवडणूक आचारसंहितेच्या भंगाचे कारण होते, आणि काही दिवसांतच तांत्रिक त्रुटी व नैसर्गिक न्याय यांचा उल्लेख करून तो आदेश विश्वविद्यालयानेच मागे घेतला. मे २०२५ मध्ये पुण्यातील एका अभियांत्रिकी विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरील मजकुरासाठी अटक झाली आणि महाविद्यालयाने म्हणणे न ऐकताच तिला काढून टाकले. मुंबई उच्च न्यायालयाने तिला सोडण्याचा आदेश तर दिलाच, शिवाय महाविद्यालयाच्या आदेशाला स्थगिती देऊन परीक्षेचा मार्ग मोकळा केला. त्या मजकुराबद्दल लोकांची मते टोकाची होती, तरीही सुनावणी न देता काढून टाकणे टिकले नाही.

पण सुनावणी म्हणजे न्यायालयातला खटला नव्हे. १९७३ च्या हिरा नाथ मिश्रा निकालात रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयाने तक्रारदार मुलींची उलटतपासणी आरोपी विद्यार्थ्यांना करू दिली नव्हती, आणि मुलींच्या सुरक्षेचा विचार करता न्यायालयाने ते योग्य मानले. म्हणून ‘मला वकील हवा, प्रत्येक साक्षीदाराला प्रश्न विचारायचे आहेत’ असा हट्ट धरू नका. चार गोष्टी मागा: आरोपाचा नेमका तपशील, नियमाचा क्रमांक, ज्यावर भिस्त आहे त्या तक्रारींच्या व चित्रफितींच्या प्रती, आणि समितीसमोर स्वतः बोलण्याची संधी. चौकशी होईपर्यंत काही दिवसांचे निलंबन आणि शिक्षा म्हणून केलेले निलंबन हेही वेगळे आहेत. पहिले तातडीच्या कारणासाठी सुनावणीआधी करता येते, पण त्याला मुदत हवी. तुमच्या आदेशात मुदत नाही, आणि चौकशी समिती नेमल्याचाही उल्लेख नाही. ही दोन वाक्ये तुमच्या उत्तरात अधोरेखित होऊन आली पाहिजेत.

आता हमीपत्र. नियम पाळीन, वर्ग आणि परीक्षा यांत अडथळा आणणार नाही, असे लिहून मागण्याचा महाविद्यालयाला अधिकार आहे, आणि ते देण्यात कमीपणा नाही. पण ‘कोणत्याही आंदोलनात भाग घेणार नाही’ या शब्दांत गावातला पाण्याचा मोर्चा येतो, कापसाच्या भावासाठी वडिलांसोबत तहसीलवर जाणेही येते. महाविद्यालयाचा त्याच्याशी काही संबंध नाही. तुम्ही असा मजकूर द्या: ‘मी विद्यापीठाने लागू केलेल्या नियमांचे पालन करीन आणि वर्ग, परीक्षा व ये-जा यांत अडथळा आणणार नाही. शांततेने मत मांडण्याचा आणि निवेदन देण्याचा माझा अधिकार या हमीपत्राने मर्यादित होत नाही.’ माझ्या अनुभवात पुष्कळ प्राचार्य हा मजकूर स्वीकारतात, कारण त्यांनाही वरच्यांना दाखवायला एक कागद हवा असतो. ज्या सोबत्यांनी आधीच सही केली आहे त्यांनी घाबरू नये. मूलभूत हक्क सोडून देता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये बशेश्वर नाथ प्रकरणात सांगितले. मुंबईच्या पदपथावरील रहिवाशांच्या १९८५ च्या ओल्गा टेलिस प्रकरणात त्यांनी आधी दिलेली कबुलीसुद्धा त्यांच्या हक्कांच्या आड येऊ दिली गेली नाही. तरीही सही झाली की पुढच्या वेळी तो कागद तुमच्यासमोर ठेवला जाणार, म्हणून आधीच टाळलेली बरी.

तुमच्या वडिलांचे म्हणणे मी सहज बाजूला सारणार नाही. शहरातल्या विद्यार्थ्याला संस्थाध्यक्ष कोण हे ठाऊकही नसते. आपल्याकडे तेच गृहस्थ सोसायटीच्या कर्जाच्या बैठकीत बसतात, ठाणेदाराशी आणि तहसीलदाराशी त्यांचे रोजचे बोलणे असते, आणि दबाव विद्यार्थ्यावर नव्हे तर कोरडवाहू शेती करणाऱ्या त्याच्या बापावर येतो. म्हणून उत्तर एकट्याने देऊ नका. सहाही जणांनी वेगवेगळी, स्वतःपुरती उत्तरे एकाच दिवशी द्यावीत, पालकांनी एकत्र जाऊन आवक क्रमांकासह पोहोच घ्यावी, आणि घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवावे. वडिलांना मोठी भीती बहुधा वेगळीच असते: पोरीवर केस झाली तर पोलीस भरतीचे आणि एमपीएससीचे काय?

ती भीती नीट तपासून घ्या. पोलिसांनी आधी दिलेली, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली १४९ ची नोटीस, जी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली येते, ती केवळ समज असते. तो गुन्हा नव्हे. सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) (३) चा जमावबंदी आदेश असेल, तर त्याची प्रत मागा आणि तारखा पाहा, कारण ३७ (३) चा आदेश शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये बीड जिल्ह्यातल्या आंदोलनाला परवानगी नाकारताना असाच आदेश पुढे केला होता; औरंगाबाद खंडपीठाने तो रद्द केला आणि एका कायद्याला विरोध केला म्हणून कोणाला देशद्रोही म्हणता येत नाही असे स्पष्ट लिहिले. खरोखरच गुन्हा नोंद झाला असेल, तर भरतीच्या अर्जात तो लपवू नका. चारित्र्य पडताळणीत पुष्कळ मुलांचे नुकसान गुन्ह्यापेक्षा लपवण्यामुळे होते. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने तरुण वयातल्या घोषणाबाजीचेच उदाहरण देऊन सांगितले आहे की अशा किरकोळ प्रकरणाकडे नोकरी देणारा दुर्लक्ष करू शकतो. तो निर्णय नेमणूक करणाऱ्याच्या विवेकावर आहे, हक्क म्हणून मागता येत नाही, आणि हिंसा किंवा तोडफोडीच्या गुन्ह्याला तो दिलासा मिळेल असे मी सांगणार नाही.

दाद मागण्याचा क्रम असा ठेवा. नोटिशीच्या उत्तरासोबत महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार ही समिती असणे बंधनकारक आहे, शिष्यवृत्तीतला विलंब आणि विद्यार्थ्याचा छळ या दोन्ही तक्रारी तिच्या कक्षेत येतात, आणि तिने शक्यतो पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यावर पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. समितीच नसेल तर तसे लेखी उत्तर मागा. तो कागद पुढे कामाला येतो. परीक्षा तोंडावर असेल तर या पायऱ्यांची वाट पाहत बसू नका, सरळ नागपूर खंडपीठात जावे लागेल. खर्चाची अडचण असेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलांना, तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय तुमच्याच गावच्या न्यायालयाच्या आवारात असेल.

या सगळ्याच्या आधी करायचे काम मात्र परीक्षा अर्जाचे आहे. निलंबन चालू असताना अर्जाची तारीख निघून गेली, तर पुढे आदेश रद्द होऊनही वर्ष जाते. अर्ज ऑनलाइन भरा, शुल्काची पावती जपा, आणि महाविद्यालयाने तो पुढे पाठवला नाही तर त्याच दिवशी प्राचार्यांना पत्र देऊन त्याची प्रत विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला पाठवा. निलंबनाच्या दिवसांची गैरहजेरी माझ्या उपस्थितीत धरू नये, हे वाक्यही त्याच पत्रात घाला, कारण पंचाहत्तर टक्के उपस्थितीचा मुद्दा नंतर हमखास निघतो. फाट्यावर एसटी न थांबल्यामुळे बुडालेल्या तासांची नोंद आणि आगार व्यवस्थापकाला दिलेल्या निवेदनाची पोहोच तुमच्याकडे असेल, तर तीही याच पत्राला जोडा.